तिसरी टाकी बसली

आमच्याकडे नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगते. ॲसिड सावकाश सोडायचं. बाकी काहीही चुकलं तरी निस्तरता येतं, हे निस्तरता येत नाही. तो मान डोलावतो. मी पुन्हा सांगते, कारण मान डोलावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माझ्या नवऱ्यानंही लग्नाआधी माझ्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलावली होती. आता तो कुठं आहे ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

काम समजायला अवघड नाही. इथं पूर्वी तांब्याचा कारखाना होता. भट्टीत दगड वितळला की तांबं खाली बसायचं आणि वर काळी साय यायची. तिला स्लॅग म्हणतात. ती कढयांमधून नेऊन मागं ओतायचे. ओतून ओतून तिची टेकडी झाली, कारखाना बंद पडला आणि टेकडी तेवढी राहिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या फेकून दिलेल्या सायीत अजून तांबं आहे, आणि कोबाल्टही आहे, ज्याला बॅटऱ्यांमुळे आता भलताच भाव आलाय. म्हणून टेकडी पोखरायला नवा कारखाना आला. ढेकळं फोडायची, गिरणीत दळून त्यांचं पीठ करायचं, पाण्यात कालवून टाकीत घ्यायचं आणि ढवळता ढवळता वरून थेंबाथेंबानं ॲसिड सोडायचं. धातू पाण्यात उतरतो, पाणी हिरवंगार होतं, ते गाळून पुढच्या खात्यात जातं.

पण ॲसिडची तोटी घाईनं उघडली, तर त्या पिठात दगडाचा जो अंश असतो तोही विरघळतो आणि बघता बघता गोठतो. आख्खी टाकी दह्यासारखी लागते. ढवळायचा पंखा अडकतो, गाळायला काही उरत नाही, धातू आतच अडकून पडतो. आम्ही म्हणतो, टाकी बसली. बसलेल्या टाकीतून कुणालाच काही मिळत नाही. ती खोऱ्यानं उपसायची, चुना कालवून तिचं ॲसिड मारायचं आणि कुंपणापाशी जाड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात कायमची पुरायची. नवख्या माणसाच्या हातून एकदा तरी टाकी बसते आणि मग त्याला महिनाभर सगळे दहीवाला म्हणून हाक मारतात.

माझ्या हातून कधी बसली नव्हती.

त्या टेकडीत माझा धाकटा भाऊ होता. बारक्या. अंगानं चांगला आडदांड होता, पण घरात शेवटचा म्हणून बारक्या, आणि कामावरही तेच नाव चिकटलं. तो जुन्या कारखान्यात भट्टीवर होता. भट्टीसमोरच्या पुलाची लोखंडी जाळी गंजली होती, सगळ्यांना माहीत होतं, सगळे कडेकडेनं चालायचे. एके दिवशी जाळी खचली आणि तो खाली भरलेल्या कढईत गेला. कढई म्हणजे घरातली नव्हे, एखाद्या लहान खोलीएवढी. त्यातून काही बाहेर काढता येत नाही, कारण काढायला काही उरतच नाही. हे मला कुणी धड सांगितलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले. शेवटी मीच विचारलं आणि उत्तरही मीच ओळखलं.

जुन्या कारखान्यात एक रीत होती. ज्या कढईत माणूस गेला ती टेकडीवर ओतायची नाही. तशीच गार होऊ द्यायची, मग पालथी घालून आतला आख्खा गोळा टेकडीच्या कडेला ठेवायचा. दरवर्षी त्याच्या पाळीच्या लोकांनी त्या गोळ्याला चुना लावायचा, म्हणजे तो लांबून दिसेल आणि त्याच्यावर कुणी दुसरं काही ओतणार नाही. त्याला पालथा म्हणायचे. आमच्या टेकडीवर एकच पालथा होता.

कढई निवायला कितीतरी दिवस गेले. आई तिथून हलली नाही. मोठे साहेब स्वतः सांगायला आले, आजी, घरी चला, तर ती म्हणाली, "माझा पोरगा एवढा तापलाय, आणि मी घरी जाऊन झोपू?" मग कुणीतरी तिला खुर्ची आणून दिली. आधी ती बरीच लांब बसली होती, जवळ जाववत नव्हतं इतकी धग होती. कढई जसजशी निवत गेली तसतशी ती खुर्ची पुढं सरकवत गेली. शेवटी हात लावण्याजोगी झाली तेव्हा तिनं हात लावला. "गार झाला," म्हणाली, आणि मग उठली. मी तिच्या पाठीमागं उभी होते. ते दोन शब्द माझ्या कानातून कधी गेले नाहीत.

त्यानंतर पालथा म्हणजे आईचं दुसरं घरच झालं. संध्याकाळी काठी टेकत जायची, त्याच्यावर तळवा ठेवून बसायची आणि त्याला सगळी खबर द्यायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, शेजारणीनं कपड्यांची दोरी कशी आमच्या बाजूला सरकवली. मध्येच रागवायची. "तुला सांगितलं होतं ना, ती जाळी बघून चाल म्हणून." काळा दगड दिवसभर ऊन खातो, त्यामुळे संध्याकाळी त्याला ऊब असायची, आणि आईला ती ऊब लागायची. थंडीच्या दिवसांत मला म्हणायची, "आज अंग गार आहे गं त्याचं." मी सुरुवातीला चिडायचे. आई, दगड आहे तो, असं एकदा बोलूनही गेले. ती म्हणाली, "मला माहीत आहे दगड आहे. तुझ्याकडे दुसरं काही आहे का त्याचं, तर दे." माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, पण ती मी जिच्याकडून घेतली तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

कारखाना बंद झाल्यावर पाळीचे लोक पांगले. चुना आम्ही दोघी लावू लागलो.

नवा कारखाना आला, मी टाक्यांवर लागले आणि टेकडी एका बाजूनं झिजू लागली. आईच्या जिवाला घोर लागला. रोज घरी शिरायच्या आत विचारायची, "कुठवर आले?" तिला बाकी कशाची भीती नव्हती, मरणाचीही नाही. एकच होती, की बारक्याला दळून, ॲसिडात घालून, कुठल्या परक्या माणसाच्या बॅटरीत पाठवतील आणि हिला हात ठेवायला जागा उरणार नाही. मलाही तीच होती, मी बोलत नव्हते इतकंच.

मी आमच्या रसायनवाल्या साहेबांकडे गेले. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, मला मावशी म्हणतात. मनानं चांगले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी माझ्याबरोबर पालथा बघायला आले. "मावशी, याला कुणी हात लावणार नाही," म्हणाले. "क्रेन येईल तेव्हा हा उचलून फाटकाजवळच्या झाडाखाली ठेवू. आजींना सावलीही मिळेल." मी घरी जाऊन सांगितलं तर आईनं आधी विश्वास ठेवला नाही, मग रडली, मग म्हणाली, झाडाखाली पक्षी घाण करतील त्याच्यावर. तेव्हा मला कळलं की ती खूश आहे.

क्रेन यायच्या आदल्या आठवड्यात आईनं चुना काढला. मी म्हटलं, अगं, अजून त्याचा दिवस यायचाय. ती म्हणाली, "उचलायला येणारा माणूस नवखा असेल. त्याला लांबूनच कळायला हवं, हाच तो." मी कामावर होते, ती एकटी गेली आणि हात पोचेल तिथवर चुना फासून आली. घरी आली तेव्हा केसांतही चुना होता.

आता जे सांगते त्यात कुणाची चूक आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टेकडीवरच्या लोकांनी त्याच आठवड्यात नवी पद्धत सुरू केली होती. मोठ्या ढेकळांचा तुकडा काढून तपासायचा, आणि ज्यात माल जास्त निघेल त्याच्यावर चुना मारायचा. चुना म्हणजे, हे आधी उचला आणि वेगळं दळा. आम्ही टाक्यांवरचे लोक टेकडीकडे फिरकत नाही, त्यामुळे आम्हाला याचा पत्ता नव्हता. साहेबांनी पालथ्याभोवती फीत बांधायला सांगितली होती. ती बांधलीही होती, पण वाऱ्यानं सुटून गेली असावी. ढेकळं फोडून गिरणीकडे नेणारा लोडरवाला खरंच नवा होता. आईनं ज्याच्यासाठी चुना लावला, तोच.

सकाळची वेळ होती. तिसऱ्या टाकीत गिरणीकडून माल आला होता, पंखा फिरत होता आणि मी तोटी हळूच उघडून ॲसिडची धार बघत होते. लोडरवाला चहाचा कप घेऊन माझ्या जिन्याखाली आला. हसतमुख माणूस आहे, त्याला कुणाशी तरी बोलल्याशिवाय चहा उतरत नाही.

"मावशी, तुमच्या टाकीत आज भारी माल आहे," तो म्हणाला. "एकच गोळा, पण काय गोळा. कढई पालथी घातल्यासारखा. आख्खा चुन्यानं रंगवलेला. एवढा चुना मी कुठल्या ढेकळावर बघितला नव्हता."

मी कठड्याला धरून विचारलं, "कुठं होता?"

"कडेला. एकटाच होता. म्हटलं एवढी खूण केलीये म्हणजे नक्कीच चांगला असणार." त्याला माझा चेहरा दिसला असावा. "का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा निवतोय तुझा."

तो गेला. मी खाली टाकीत बघितलं. काळपट गढूळ पाणी गरगर फिरत होतं, तसंच जसं रोज फिरतं. मी रोज त्यात बघते, एरवी मला त्यात काम दिसतं. त्या दिवशी मला त्यात बारक्या लहान असताना हौदात उडी मारायचा ते दिसलं. तो बुडी मारून वर येईना की मी काठावरून ओरडायचे, ताई म्हणून तेवढंच माझ्या हातात असायचं. आताही मी काठावरच होते.

साहेबांना बोलवावं असं मनात आलं. पण ते येऊन काय करणार होते? त्यांना वाईट वाटलं असतं, खरोखर वाटलं असतं, पण पीठ झालेल्याचा परत दगड होत नाही. त्यांच्यावरचे लोक म्हणाले असते, चांगला माल आहे, पुढं घ्या. दुपारपर्यंत टाकी हिरवी झाली असती, गाळून पुढं गेली असती आणि रात्रीच्या आत माझा भाऊ नळ्यांमधून कुठल्या कुठं पांगला असता. मी आईला काय दाखवलं असतं?

माझा हात तोटीवरच होता. ज्या हातानं मी कितीतरी नवख्यांच्या हातावर चापट मारून तोटी बंद केली होती, त्याच हातानं मी ती पूर्ण उघडली.

आवाज आधी बदलतो. पंखा जड झाला, कण्हल्यासारखा फिरला. वाफ आली, मी तोंडाला फडकं लावून मागं सरले, पण तोटी बंद केली नाही. पाणी जाड झालं, मग लापशीसारखं झालं, मग त्यावर सुरकुती पडली. पंखा एकदा हिसका देऊन थांबला आणि वरची मोटार आपोआप बंद पडली. मग मी तोटी बंद केली आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले. खूप दिवसांचं राहिलं होतं. तो गेला तेव्हा आईला सांभाळायचं होतं, मला रडायला सवड मिळाली नव्हती.

मोटार बंद पडल्यावर साहेब धावत आले. वर चढून त्यांनी काठीनं टाकीत टोचलं. काठी उभीच राहिली. त्यांनी तोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुमच्या हातून?"

"माझ्याच हातून."

"तुमच्या हातून बसणारच नाही," ते म्हणाले. "काय झालंय?"

मी सांगितलं. लोडरवाल्याचं, चुन्याचं, सगळं. ते ऐकता ऐकता माझ्या खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मी शब्द दिला होता," एवढंच एकदा म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही फीतही बांधली होती. आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. आई येईपर्यंत टाकीला कुणी हात लावायचा नाही." ते उठले, टोपी घातली आणि खाली जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की तिसऱ्या टाकीची तोटी खराब आहे, मोटारही गेली आहे, सुटे भाग येईपर्यंत ती टाकी बंद.

आईला सांगताना मी एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. वाटेत शंभर वेळा वाक्यं जुळवली होती, ती दारातच विसरले. "आई, बारक्याला उचललं त्यांनी," म्हटलं. "चुकून. दळला गेला. पण पुढं जाऊ दिला नाही मी." ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली. मला वाटलं कोसळते आता. ती म्हणाली, "कुठं आहे?" आणि उठून काठी शोधू लागली.

साहेबांनी तिला तोंडावर बांधायला मास्क दिला आणि स्वतः हाताला धरून टाकीपाशी आणलं. टाकी बाहेरून साधी लोखंडी आहे, रंग उडालेली. आईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुढं होऊन तळवा ठेवला आणि पटकन मागं घेतला.

"तापलाय," ती म्हणाली.

खरं होतं. एवढं ॲसिड एकदम गेल्यावर टाकी तापतेच, आणि आतला माल गोठलेला असला की ती धग लवकर बाहेर पडत नाही. मला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिच्या तोंडून ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. आईनं इकडंतिकडं बघितलं. "खुर्ची आहे का रे बाळा एखादी?" तिनं साहेबांना विचारलं.

ती टाकीपाशी बसली. सकाळी यायची, संध्याकाळी मी हाताला धरून घरी न्यायचे. लोक शेजारून जाताना आवाज न करता जायचे. लोडरवाल्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण एकदा तो येऊन तिच्या पायाशी बसला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला काय माहीत," म्हणाली. "मीच चुना पातळ लावला या वेळी. हात दुखत होता माझा. जाड लावला असता तर तुला कळलं असतं."

लोडरवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं उघडलेलं तोंड मिटलं. मग मी म्हटलं, "नाही आई, तू बरोबर लावला होतास." चुन्यामुळेच तो उचलला गेला, ही गोष्ट तिला कळू द्यायची नाही. मी मरेपर्यंत नाही, ती मरेपर्यंत तर नाहीच.

हळूहळू टाकी निवली. आई खुर्ची थोडी थोडी पुढं सरकवत होती, आणि मी तिच्या पाठीमागं उभी होते, पुन्हा. शेवटी तिनं दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवले, मग गाल टेकवला, आणि बराच वेळ तशीच राहिली.

"गार झाला," म्हणाली.

ती लगेच उठली नाही. मागं वळून माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत ती मला इतकी म्हातारी कधी दिसली नव्हती.

"आता परत तापवणार नाहीत ना गं त्याला कुणी?"

"नाही आई," मी म्हटलं. "आता त्यातून कुणालाच काही मिळणार नाही."

"मग बरं," ती म्हणाली, आणि उठायला माझा हात मागितला.